फुटत्या लाटांतून कयाक नेणें व आणणें

शांत दिवशीं पुळणीवर उभें राहून पाहिलें, तर समुद्राचे दोन भाग स्पष्ट दिसतात. दूरवर निळें पाणी संथपणें वरखालीं होत असतें. आणि किनाऱ्यापासून शंभर दोनशें हातांच्या आंत तेंच पाणी उभें राहून, पांढरें होऊन, गर्जना करीत कोसळतें. लहान होडींत बसून मासे धरणाऱ्यास भय कोणत्या भागाचें, असें विचारलें तर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण पहिल्या भागाकडे बोट दाखवितील. खोल पाणी तें भयंकर व कमरेइतकें पाणी तें सुरक्षित, ही समजूत लहानपणापासून आपल्या मनांत बसलेली असते. होडीच्या बाबतींत ती बहुधा उलटी ठरते. बाहेरच्या उंच पण न फुटणाऱ्या लाटेवर चांगली होडी बदकाप्रमाणें चढते व उतरते. तिचा घात होतो तो जातांना किंवा येतांना, किनाऱ्याच्या डोळ्यांदेखत. हा पांढरा पट्टा ओलांडण्याची विद्या काय आहे, तें कयाक नांवाच्या एका चिमुकल्या होडीच्या आधारें आम्ही येथें सांगणार आहों.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची होडी. लांकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलच्या कातड्याचें आवरण, वरचा भागही कातड्यानें झांकलेला आणि मध्यें एक माणूस बसेल एवढेंच भोंक. शिकारी आपल्या कातडी अंगरख्याची किनार त्या भोंकाच्या कडेस आवळून बांधी, म्हणजे होडी व माणूस मिळून एक बंद पेटीच होई. दोन्ही टोकांस पातें असलेलें वल्हें हातांत. होडी उलटलीच तर त्याच वल्ह्याच्या फटक्यानें तो पुन्हा सुलटा होई.

आज मासेमारीसाठीं जी कयाक वापरतात ती याहून निराळी आहे. १९७० नंतरच्या दशकांत टिम नीमियर ह्या अमेरिकन गृहस्थानें कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ती प्रथम प्रचारांत आणली. हिच्यांत माणूस आंत बसत नाहीं, वर बसतो. होडी प्लॅस्टिकची, सर्व बाजूंनीं बंद व पोकळ. वर बसण्यापुरता खळगा आणि खळग्यांतून तळापर्यंत आरपार गेलेलीं छिद्रें. लाट अंगावरून गेली कीं पाणी त्या छिद्रांतून आपोआप खालीं निथळून जातें. पाण्यास आंत येऊंच द्यावयाचें नाहीं ही इन्युइटांची युक्ति. आलेल्या पाण्यास वाट मोकळी ठेवावयाची ही दुसरी. ही दुसरी युक्ति मात्र अमेरिकेची मिरास नव्हे. आपल्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावर तामिळ कोळी कित्येक शतकें लांकडाचे ओंडके दोरीनें एकत्र बांधून त्यांवर बसून लाटा ओलांडीत आले. कट्टु म्हणजे बांधणें व मरम् म्हणजे लांकूड. ह्या कट्टुमरांत पाणी भरण्याचा प्रश्नच नाहीं, कारण भरावयास पोकळीच नाहीं. इंग्रजांनीं तो शब्द उचलून कॅटमरान केला व पुढें तो भलत्याच, म्हणजे दोन जोडलेल्या होड्यांच्या नावेस लावला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांस मौजेची वाटेल.

आतां आपण कॅलिफोर्नियांतच, सॅन डिएगो शहराच्या उत्तरेस असलेल्या ला होया ह्या ठिकाणीं जाऊं. येथें किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर केल्प नांवाच्या प्रचंड समुद्रवनस्पतींचीं रानें आहेत व त्यांच्या आश्रयानें मासे राहतात. कांहीं भाग राखीव असून तेथें मासे धरण्यास बंदी आहे. तो ओलांडून कयाकवाले पुढें जातात. पहांटे पुळणीवर येऊन पाहिलें तर दहाबारा फूट लांबीची, गळकाठ्या लावलेली कयाक वाळूवरून ओढीत आणणारे लोक दिसतात. पुढें पॅसिफिक महासागर. हजारों मैल दूर उठलेल्या वादळाच्या लाटाही ह्या किनाऱ्यावर येऊन पोहोंचतात.

लाट म्हणजे पुढें धांवणारें पाणी, असा डोळ्यांस भास होतो. खरें पाहतां खोल समुद्रांत पाणी जागच्या जागीं वर्तुळाकार फिरतें व पुढें जातो तो केवळ आकार. वाऱ्यानें शेत डोलूं लागलें तरी कणसें आपली जागा सोडीत नाहींत, तसेंच हें. ज्या लाटांत एका शिखरामागून दुसरें शिखर दहा सेकंदांनीं येतें, त्या खोल पाण्यांत तासाला सुमारें ५६ किलोमीटर वेगानें धांवतात व त्यांच्या दोन शिखरांत सुमारें दीडशें मीटर अंतर असतें. पाण्याची खोली ह्या अंतराच्या निम्म्याहून कमी झाली कीं लाटेस तळाची जाणीव होऊं लागते. ती मंदावते, मागून येणाऱ्या लाटा तिच्या जवळ येतात, शिखरें उंच व तीक्ष्ण होतात. शेवटीं खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापट उरली, म्हणजे शिखराचें पाणी खालच्या भागास मागें टाकून पुढें झेंपावतें आणि लाट फुटते. चार फुटांची लाट सुमारें पांच फूट पाण्यांत फुटते, असा हा हिशेब. एवढ्यावरून पायही न भिजवितां जाणता मनुष्य समुद्राचा तळ वाचूं शकतो. मध्येंच एक पांढरी रेघ सतत उमटत असेल, तर तेथें वाळूचा बांध आहे. दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्यें एखादी काळसर, न फुटणारी वाट दिसत असेल, तर तेथें पाणी खोल आहे. किनारा हळूहळू उतरत असेल तर लाट वरून फेस सांडीत, दमादमानें फुटते. एकदम उतरत असेल तर ती कमान करून धाडकन् आदळते. ही दुसरी लाट उंचीनें लहान असली तरी अधिक वाईट.

एकदां लाट फुटली कीं पाणी खरोखरच पुढें धांवूं लागतें, आणि समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचें वजन एक टनाहूनही थोडें अधिक भरतें. मघांचा डोलणारा आकार आतां धडक देणारें ओझें झालेला असतो.

ला होया येथें निसर्गानें एक चमत्कार करून ठेविला आहे. तेथें समुद्राच्या तळाशीं एक खोल दरी असून तिचें तोंड थेट किनाऱ्याजवळ येतें. दरीवरून येणाऱ्या लाटेस पाणी खोल मिळतें म्हणून तिचा तेवढा भाग वेगानें पुढें सरकतो, दोन्ही बाजूंचे भाग मागें राहतात, व त्यामुळें लाटेची रांग बांकते आणि तिचें बळ दोन्हीकडे पांगतें. परिणाम असा कीं दरीच्या तोंडासमोरच्या पुळणीवर लाटा लहान असतात आणि तेथून थोडें उत्तरेस गेलें कीं त्याच समुद्राच्या, त्याच वेळच्या लाटा पुष्कळ मोठ्या असतात. ह्याच गांवीं स्क्रिप्स नांवाची प्रसिद्ध समुद्रविज्ञानसंस्था आहे आणि तेथील वॉल्टर मुंक ह्या शास्त्रज्ञानें एका सहकाऱ्याबरोबर ह्या लाटांच्या बांकण्याचा अभ्यास १९४७ सालीं प्रसिद्ध केला. कयाकवाल्यास बीजगणित ठाऊक नसेल. पण कोणत्या जागेवरून नाव लोटावी हें त्यास ठाऊक असतें, आणि त्याचें कारण हेंच.

जागा ठरल्यावर दुसरी गोष्ट वेळ. येथें नवशिक्याची सर्वांत मोठी चूक होते, व ती म्हणजे घाई. लाटा एकसारख्या येत नाहींत. कांहीं मोठ्या लाटांचा एक थवा येतो, मग कांहीं काळ लहान लाटा येतात, पुन्हा थवा. सातवी लाट नेहमीं मोठी असते असें पुष्कळ देशांचे खलाशी सांगतात, परंतु समुद्र असा पाढे म्हणत नाहीं. खरें कारण असें कीं, किंचित् निराळ्या अंतरानें येणाऱ्या लाटांच्या माळा एकमेकींत मिसळतात. त्यांचीं शिखरें एकत्र आलीं म्हणजे लाट फुगते, एकीचें शिखर व दुसरीचा खळगा जुळला म्हणजे ती ओसरते. तंबोऱ्याच्या दोन तारा अगदीं थोड्या चुकलेल्या सुरांत लागल्या असतां आवाज कसा कमीअधिक होत राहतो, तें ज्यांनीं ऐकलें आहे त्यांस हें लगेच समजेल. थव्यांमधील अंतर त्या दिवसापुरतें अजमावावयाचें, तर निदान पंधरावीस मिनिटें किनाऱ्यावर नुसतें उभें राहिलें पाहिजे. पुष्कळदां पहिलीं दहा मिनिटें समुद्र सौम्य दिसतो आणि मग थवा येऊन आपला अंदाज खोटा पाडतो. अनुभवी मनुष्य ह्या पंधरावीस मिनिटांतच ‘आज नको’ असें ठरवून होडी पुन्हा गाडीवर चढवितो, व त्यास कोणी हंसत नाहीं.

जावयाचें ठरलें तर सामान आधीं आवरावें लागतें. साधी कयाक व मासेमारीची कयाक ह्यांत खरा फरक येथें पडतो. उभ्या गळकाठ्या, गळ, सुरी, माशांची पेटी, नांगराची दोरी, हें सर्व उलटलेल्या होडीखालीं माणसाभोंवतीं काय करील ह्याची कल्पना करावी. म्हणून काठ्या आडव्या करून बांधतात किंवा पोकळीच्या आंत सरकवितात, गळ डब्यांत बंद करतात, आणि लोंबती दोरी कोठेंही ठेवीत नाहींत, कारण सैल दोरी हातापायांस वेढा घालते. सुकाणूं असल्यास तें वर उचलून ठेवावें लागतें, नाहीं तर पहिल्याच टेकण्यास वाळूंत रुतून मोडतें. तरंगतें जाकीट अंगावर घालून त्याचे पट्टे आवळलेले असले पाहिजेत; आसनाखालीं ठेवलेल्या जाकिटाचा उपयोग उशीएवढाच.

प्रत्यक्ष नाव लोटणें हें त्या मानानें सोपें आहे. कारण संकट समोरून येतें व तें दिसतें. नाळ लाटांकडे काटकोनांत ठेवून मनुष्य गुडघाभर पाण्यांत होडीच्या बाजूस उभा राहतो. थव्यांतील शेवटची लाट फुटून गेली कीं होडी पुढें ढकलून तो झटकन् वर बसतो व लगेच वल्हवूं लागतो. बसल्यावर पाय नीट करीत, टोपी सांवरीत राहणारा मनुष्य पुढच्या लाटेस आडवा सांपडतो. फेसाळ लाट आलीच तर थांबावयाचें नाहीं. अंग पुढें झुंकवून, वल्ह्याचें पातें लाटेच्या पलीकडील पाण्यांत रोंवून, होडी तिच्यांतून ओढून काढावयाची. वेग असलेली होडी लाट कापते; उभी असलेली होडी लाटेबरोबर मागें फेंकली जाते. शेवटच्या फुटण्याच्या रेषेच्या बाहेर गेल्याखेरीज मागें वळून पाहूं नये, असा नवशिक्यांस सल्ला देतात, आणि तो योग्य आहे.

परत येणें ही निराळीच विद्या आहे. आतां शत्रु पाठीमागून येतो, हात दमलेले असतात, होडींत माशांचें वजन असतें, आणि घर समोर दिसत असल्यामुळें मन उतावीळ झालेलें असतें. शिवाय समुद्रांतून पाहतांना लाटांची फक्त गुळगुळीत पाठ दिसते. फुटणारें तोंड दिसतें तें किनाऱ्यावरून. त्यामुळें चार फुटांची लाट आंत येणाऱ्यास दीड दोन फुटांची वाटते.

ह्याच किनाऱ्यावर, ला होयाच्या पुष्कळ उत्तरेस सांता बार्बरा येथें, १८३५ च्या जानेवारींत घडलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. रिचर्ड हेन्री डेना हा हार्वर्डचा विद्यार्थी डोळे अधू झाल्यामुळें शिक्षण थांबवून पिलग्रिम नांवाच्या जहाजावर साधा खलाशी झाला होता. पुढें १८४० सालीं त्यानें आपली हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली व ती फार गाजली. कॅलिफोर्निया तेव्हां मेक्सिकोच्या ताब्यांत होता, बंदरें बांधलेलीं नव्हतीं आणि गुरांचीं कातडीं लाटांतून, डोक्यावर वाहून होड्यांपर्यंत न्यावीं लागत. डेनाच्या होडींतील मंडळी फुटत्या लाटांबाहेर येऊन थांबली. पुढें कसें जावें हें त्यांस कळेना. इतक्यांत दुसऱ्या एका जहाजाची होडी आली. तिच्यावर हवाई बेटांतील खलाशी होते. त्यांनीं मोठी लाट येण्याची वाट पाहिली, ती येतांच आरोळी ठोकून जोरानें वल्हविलें, लाटेबरोबर होडी सरळ आंत नेली, वेळ येतांच वल्हीं दूर फेंकून दिलीं, आणि होडी वाळूस लागतांक्षणीं दोन्ही बाजूंनीं उड्या टाकून तिला पकडून धांवत वर ओढून नेलें. डेना लिहितो त्याचा मथितार्थ असा कीं, होडीची पाठ सदैव लाटेकडे सरळ राहिली पाहिजे हें त्यांस तेव्हां उमगलें. लाट जरा तिरपी लागली कीं होडी आडवी होऊन उलटणार. मग त्यांनींही तसेंच केलें व सुखरूप किनाऱ्यास लागले.

होडी आडवी कां होते? लाटेच्या उतारावरून ती खालीं घसरूं लागली म्हणजे नाळ पुढच्या खळग्यांतील मंद पाण्यांत घुसून अडते, आणि मागचें टोंक शिखराच्या धांवत्या पाण्यानें पुढें रेटलें जातें. एक टोंक अडलें व दुसरें ढकललें गेलें, तर वस्तु फिरणारच. दुसऱ्या महायुद्धांत सैनिक उतरविणाऱ्या मोठ्या नावाही लाटा उंच असल्या म्हणजे ह्याच प्रकारें आडव्या होत. तें पाहूनच वर सांगितलेल्या मुंकनें आपले गुरु हाराल्ड स्वेर्ड्रुप ह्यांच्यासह लाटांचें भाकीत करण्याची पद्धति बसविली, आणि १९४४ च्या जूनमध्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवितांना तिचा उपयोग झाला. लाखों माणसांच्या सैन्यास जो प्रश्न पडला, तोच एकट्या कोळ्यास पडतो.

हवाईच्या खलाशांप्रमाणें लाटेवर स्वार होऊन येण्यास पांचसहा जणांचे हात व जन्माचा सराव लागतो. एकट्या कयाकवाल्यानें करावयाचें तें बहुतेक उलट आहे. लाटेवर चढून नव्हे, तर लाटेच्या पाठीवर बसून आंत यावें. बाहेर थांबून मोठा थवा जाऊं द्यावा. शेवटची लाट खालून निघून गेली कीं तिच्या मागोमाग जोरानें वल्हवावें. पाठीमागें दुसरी लाट उभी राहूं लागली तर वल्हें उलटें मारून होडी थोपवावी, ती लाट आपल्या खालून पुढें जाऊं द्यावी, आणि मग पुन्हा तिच्या पाठीस लागावें. असें थांबत थांबत येणें दिसण्यांत शौर्याचें नाहीं, पण मासे घरीं पोहोंचतात. लाटा फार असतील तर कित्येक जण होडी फिरवून नाळ समुद्राकडे करतात व उलटें वल्हवीत मागें मागें किनाऱ्यास येतात. म्हणजे प्रत्येक लाट डोळ्यांसमोर असते.

एवढें करूनही होडी आडवी झालीच, तर करावयाची गोष्ट मनास अगदीं विपरीत वाटणारी आहे. लाटेकडे झुंकावें व वल्ह्याचें पातें लाटेवरच टेकावें. भीतीनें शरीर आपोआप किनाऱ्याच्या बाजूस कलतें. तिकडे कललें कीं होडीची खालची कड पाण्यांत अडकते आणि होडी माणसावर पालथी होते. लाटेवर टेकून राहिलें तर फेस होडीस आडवीच ढकलीत, पण सरळ बसलेल्या माणसासह, वाळूपर्यंत आणून सोडतो.

हें आम्ही पुस्तकांतूनच शिकलों असतों तर बरें झालें असतें. कांहीं वर्षांपूर्वीं कोंकणांतील एका पुळणीवर, उसनी आणलेली कयाक घेऊन, लाटा कमरेएवढ्याच आहेत असें म्हणत आम्ही परत येत होतों. किनारा आलाच असें समजून गुडघाभर पाण्यांत उतरलों, आणि उतरलों तें किनाऱ्याच्या बाजूस. होडी आमच्या व समुद्राच्या मध्यें आडवी राहिली. पुढच्या लाटेनें ती उचलून आमच्या नडग्यांवर आणून आदळली व आम्हांस खालीं पाडून अंगावरून गेली. लाट दोन फुटांची असेल. जवळ जाळें सुकवीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठून आले, होडी धरली, आणि ‘होडीच्या पुढें उभें राहूं नये, बाबा’ एवढेंच बोलले. पंधरा दिवस लंगडत असतां आम्हांस त्या वाक्याचा अर्थ नीट समजला. होडी आणि किनारा ह्यांमध्यें माणसानें कधींही असतां कामा नये. उतरावें तें समुद्राच्या बाजूस, व पडलों तरी त्याच बाजूस राहण्याचा यत्न करावा. तीस चाळीस किलोंची होडी लाटेबरोबर धांवूं लागली म्हणजे ती होडी राहत नाहीं, ओंडका होतो.

खोल, काळसर वाटेविषयीं आम्ही वर लिहिलें, तिजबद्दल पालकांसाठीं दोन शब्द अधिक. लाटांनीं किनाऱ्यावर आणून टाकलेलें पाणी पुष्कळदां त्याच वाटेनें ओढ्यासारखें समुद्रांत परत जातें. कयाकवाल्यास बाहेर जातांना ती सोईची, कारण तेथें लाटा कमी फुटतात व पाणीच होडीस पुढें नेतें. पोहणाऱ्या मुलास मात्र तीच वाट सर्वांत शांत दिसते म्हणून तो नेमका तेथें उतरतो. ओढ लागली तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडूं नये. किनाऱ्यास समांतर पोहत त्या अरुंद पट्ट्याच्या बाहेर पडावें, मग लाटांबरोबर परत यावें. होडी सुटून गेलेल्या कयाकवाल्यासही हाच नियम, आणि सुटलेल्या होडीमागें तिला धरण्यासाठीं किनाऱ्याकडे धांवूं नये. लाटा तिला स्वतःच वाळूवर आणून टाकतात.

होडी वाळूस लागली कीं लगेच दोन लाटांच्या मध्यें ती वर, कोरड्या वाळूपर्यंत ओढावी लागते. मासे मोजणें त्यानंतर. मग मागच्या टोंकाशीं असलेलें बूच काढून होडी तिरपी करतात. पोकळींतून पेलाभर पाणी निघालें तर चिंता नाहीं. बादलीभर निघालें तर कोठें तरी चीर गेली आहे. आंतलें तें पाणी प्रत्येक लाटेसरशी एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे धांवत होतें आणि होडी आज इतकी जड व हट्टी कां झाली होती, तें बूच काढल्यावर कळतें. अशी होडी चीर सांपडेपर्यंत पुन्हा पाण्यांत घालीत नाहींत.